ओल्ड स्कूल की फाइन लाइन? टॅटूची शैली ठरवण्याआधी काय आणि कसं पारखावं

टॅटू काढायचा हे पक्कं झालेलं असतं, डिझाइन मोबाइलमध्ये सेव्ह असतं, आणि गाडी अडते ती रेषेवर. जाड घ्यायची की बारीक? स्टुडिओत येणारे बहुतेक जण याचं उत्तर इन्स्टाग्रामवरच्या फोटोवरून देतात. तो फोटो टॅटू पूर्ण झाल्यावर लगेच काढलेला असतो: शाई काळीभोर, त्वचा ताणलेली, वर लाइटचा झोत. तुम्हाला मात्र तो टॅटू पुढची तीस-चाळीस वर्षं अंगावर वागवायचा आहे.

माझा आग्रह एवढाच आहे की रेषा किती सुंदर आहे ते नंतर बघा, आधी दोन रेषांमधली मोकळी जागा बघा. टॅटू जुना झाला की पहिला घाला त्या जागेवर येतो. जाड रेषेची ओल्ड स्कूल आणि केसासारख्या रेषेची फाइन लाइन या दोन टोकांच्या शैलींतून निवडताना हीच गोष्ट कशी तपासायची, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: दोन्ही शैली मुळापासून ओळखा

ओल्ड स्कूल म्हणजे अमेरिकन ट्रॅडिशनल. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. त्यामागे एडिसनच्या विजेच्या पेनची कल्पना होती. पुढे बंदरांतल्या दुकानांत, खलाशी आणि सैनिकांच्या दंडांवर ही शैली घडत गेली. होनोलुलूचा नॉर्मन कॉलिन्स हा तिचा सर्वांत गाजलेला कलाकार. ‘सेलर जेरी’ या नावाने तो ओळखला जायचा, १९७३ मध्ये वारला. नांगर, पाकोळी, गुलाब, खंजीर, झेपावणारा काळा पँथर ही यातली नेहमीची चित्रं. भोवती जाड काळी आउटलाइन, आत घट्ट काळं शेडिंग, रंग मोजकेच: लाल, पिवळा, हिरवा. आणि मधेमधे बिनधास्त सोडलेली कोरी त्वचा. ही कोरी जागा आळसाने सोडलेली नसते. चित्र लांबून ओळखू येतं ते तिच्यामुळेच.

फाइन लाइनची एक मोठी मुळी कॅलिफोर्नियातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या वस्त्यांत आणि तिथल्या तुरुंगांत आहे. कैदी कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारची तार वापरून मशीन बनवत. सुई एकच, शाई फक्त काळी, तीच पाणी घालून फिकी करायची. त्यातून बारीक रेषेचं आणि राखाडी छटांचं काम जन्माला आलं. १९७५ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ सुरू केलं आणि ही पद्धत रीतसर दुकानात आणली. आज आपण जी चिमुकली फुलं, एका रेषेतले चेहरे आणि नाजूक अक्षरं बघतो, त्यांना दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या कलाकारांनी जगभर पोचवलं. दक्षिण कोरियात १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे डॉक्टर नसलेल्या माणसाने टॅटू काढणं बेकायदा ठरलं होतं. तरीही तिथे ही कला फुलली.

दोन्हींमधला फरक सुयांच्या खोक्यावर छापलेला असतो. ‘१२०३ आरएल’ याचा अर्थ ०.३५ मिलिमीटर जाडीच्या तीन सुया गोलात जोडलेल्या आहेत. आरएल म्हणजे राउंड लाइनर, रेषा काढायचा सुयांचा गोल गट. पहिले दोन आकडे जाडीचे: १२ म्हणजे ०.३५, १० म्हणजे ०.३०, ०८ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे सुयांच्या संख्येचे. फाइन लाइनला साधारण एक ते तीन सुयांचा लाइनर लागतो. ओल्ड स्कूलच्या आउटलाइनला सात, नऊ, अकरा, चौदा असे मोठे गट लागतात. आर्टिस्टला ‘आउटलाइनला कुठला लाइनर लावणार?’ असं खुशाल विचारा. उत्तरावरून तुम्हाला नेमकी किती जाड रेषा मिळणार ते कळतं.

पायरी २: त्वचेत शाईचं काय होतं ते समजून घ्या

सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. शाई वरच्या थरात राहिली तर काही आठवड्यांत गळून जाते. फार खोल गेली तर रेषेच्या बाजूला निळसर धुरकट पट्टा पसरतो, त्याला ब्लोआउट म्हणतात. योग्य थरात गेलेली शाई शरीराच्या संरक्षक पेशी गिळून बसतात. या पेशी मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी पुन्हा गिळतात, असं २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं. टॅटू टिकतो तो अशा हस्तांतरामुळे. वर्षं सरतात तशी रेषा थोडी रुंदावते आणि कडा मऊ होतात, हे मात्र कुणालाच चुकत नाही.

पुरावा बघायला परदेशी जायला नको. घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या आजींच्या हातावरचं गोंदण बघा. काजळीचा काळा रंग आता हिरवट-निळा झालेला असतो, ठिपके फुगलेले असतात. तरीही तुळशीवृंदावन तुळशीवृंदावनच दिसतं, कारण गोंदणाऱ्या बाईने ठिपक्यांमध्ये अंतर राखलेलं होतं. त्याच हातावर एखादं बारीक अक्षरांत गोंदलेलं नाव असेल तर ते वाचायला बहुधा आजींनाच विचारावं लागतं. या विषयातलं इतकं खरं शिक्षण मला कुठल्याच पोर्टफोलिओतून मिळालेलं नाही.

जाड आणि बारीक रेषा साधारण सारखीच पसरते, पण परिणाम वेगळा होतो. नऊ सुयांची रेषा थोडी रुंद झाली तर लक्षातही येत नाही. एका सुईची रेषा तेवढीच रुंदावली तर ती दुप्पट झालेली असते. शिवाय बारीक रेषेत शाई मुळातच कमी. तिच्यात तुटक जागा लवकर दिसतात, आणि टच-अप, म्हणजे फिक्या जागी पुन्हा सुई फिरवणं, लागण्याची शक्यता जास्त असते.

पायरी ३: हील झालेल्या, म्हणजे जखम भरलेल्या, टॅटूचे फोटो मागा

आर्टिस्टला दोन प्रकारचे फोटो मागा. पहिले, किमान दोन-तीन महिन्यांनंतरचे. दुसरे, दोन-चार वर्षांनंतरचे. फाइन लाइन करणाऱ्याकडे जुने फोटो नसतील तर तो अजून नवा असेल, किंवा त्याचे टॅटू काढून गेलेले लोक परत येत नसतील. दोन्ही शक्यता मनात ठेवा.

फोटोतली त्वचा तुमच्यासारख्या रंगाची आहे का, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शाई ज्या थरात असते त्याच्या वर मेलॅनिन असतं, म्हणजे सावळ्या त्वचेवरचा टॅटू आपण रंगीत काचेच्या गॉगलमधून बघावा तसा बघत असतो. काळा रंग कुठल्याही त्वचेवर उठून दिसतो. गडद लाल आणि हिरवाही बरा दिसतो. पिवळा, पांढरा, फिके गुलाबी-जांभळे रंग मात्र दबतात. म्हणून सावळ्या अंगावर ओल्ड स्कूल करताना चित्र काळ्यावर उभं करायचं, रंग नंतर. फाइन लाइनमधलं फिकं राखाडी शेडिंग सावळ्या त्वचेवर हील झाल्यावर जवळजवळ नाहीसं होतं. तरीही ‘सावळ्या रंगावर टॅटू दिसत नाही’ असं सरसकट सांगणारा आर्टिस्ट भेटला तर उठून या. त्याला काम येत नाही.

पायरी ४: कागदावर टॅटू म्हातारा करून बघा

ही चाचणी घरी होते, फुकट होते, आणि तिच्याइतकं खरं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

डिझाइन ज्या मापात काढायचं आहे नेमक्या त्याच मापात प्रिंट काढा. मोबाइलच्या स्क्रीनवर बोटांनी मोठं करून बघू नका. आता बारीक टोकाच्या जेल पेनने प्रत्येक रेषा गिरवा. हा तुमचा पहिल्या वर्षातला टॅटू. दुसऱ्या प्रिंटवर त्याच रेषा साध्या स्केचपेनने गिरवा. हा बऱ्याच वर्षांनंतरचा. दोन्ही कागद भिंतीला चिकटवा आणि पाच-सहा पावलं मागे या.

स्केचपेनच्या कागदावर चित्र ओळखू येत असेल तर ते फाइन लाइनमध्येही चालेल. पाकळ्या एकमेकींत मिसळल्या असतील तर तीन मार्ग उरतात: माप वाढवा, तपशील कमी करा, नाहीतर डिझाइन जाड शैलीत नव्याने काढून घ्या. माझा स्वतःचा नियम असा की फाइन लाइनमध्ये कुठलीही बंद पोकळी दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवायची नाही.

पायरी ५: देवनागरी असेल तर ही पायरी दोनदा वाचा

मराठी माणसाचा टॅटू म्हटला की अक्षरं येतातच: ‘आई’, मुलीचं नाव, एखादी ओवी. फाइन लाइनची सर्वांत मोठी मागणी इथेच आहे आणि सर्वांत जास्त निराशाही इथेच होते. आपली लिपी रोमनपेक्षा दाट आहे. शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षरं.

काही अक्षरांमधला फरक तर शिरोरेखेजवळच्या एका बारीक फटीवर टिकलेला असतो. ‘ध’ची फट शाईने भरली की ‘घ’ होतो. ‘भ’चा ‘म’ होतो, ‘थ’चा ‘य’ होतो. ‘माधव’ नाव ‘माघव’ वाचलं जाईल आणि ‘प्रभा’ची ‘प्रमा’ होईल. अनुस्वार शिरोरेखेला टेकवला तर काही वर्षांत तो रेषेतली गाठ होतो. म्हणून नावात ही अक्षरं असतील तर फट मुद्दाम मोठी काढून घ्या, अनुस्वार उंच ठेवा, आणि शिरोरेखा अक्षराच्या उभ्या दांड्यापेक्षा जाड नको.

छोट्या फाइन लाइन टॅटूतल्या अक्षराची उंची शिरोरेखेपासून खाली किमान एक सेंटिमीटर असावी, असं मी सांगतो. जोडाक्षरं असतील तर त्याहून मोठं. ‘आई’ मात्र दोन्ही शैलींत छान होतं. फक्त ‘ई’वरच्या फराट्याला वर मोकळी जागा द्या.

राजमुद्रेबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेत पूर्ण श्लोक आहे, आणि त्यात ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’, ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ असे शब्द. पोरं ती मनगटावर दोन इंचांत मागतात. मी नाही म्हणतो. त्या मापात कुठलीही सुई ती अक्षरं टिकवू शकत नाही, आणि ज्या मुद्रेबद्दल इतका आदर आहे तिचा काळा डाग होणं मला बघवत नाही. दंडावर किंवा पाठीवर मोठ्या मापात घ्या. नसेल जमत तर नुसता अष्टकोन, किंवा एखादाच शब्द ठळक अक्षरांत घ्या. टॅटू काढण्याआधी श्लोकाचं शुद्धलेखन संस्कृत जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि मशीन सुरू होण्याआधी स्टेन्सिलवर, म्हणजे त्वचेवर उमटवलेल्या डिझाइनच्या छापावर, स्वतः एकेक अक्षर वाचा.

पायरी ६: जागा ठरवा

बोटं, तळहाताची कड, पाऊल: इथली त्वचा सतत घासली जाते आणि भराभर बदलते. बोटावरची फाइन लाइन बघायला फार गोड असते, पण तुटते, फिकी होते. घ्यायचीच असेल तर पुन्हापुन्हा टच-अप करावा लागेल हे धरून चाला. हाताची आतली बाजू, दंडाची आतली बाजू, खांद्याच्या मागचा भाग या जागा नाजूक कामाला बऱ्या, कारण ऊन कमी लागतं. ओल्ड स्कूल दंड, पोटरी, मांडी अशा भरीव जागांवर शोभतं. जाड आउटलाइनला स्नायूचा गोलावा लागतो.

रोज दुचाकीवर हाफ बाही घालून फिरत असाल तर हाताच्या बाहेरच्या बाजूला बारीक रेषा घेताना दोनदा विचार करा. ऊन हा टॅटूचा मोठा शत्रू आहे आणि आपल्याकडे ते वर्षाचे आठ महिने असतं.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी शैलीआधी जागेचा विचार करावा. भारतीय सैन्यदलाच्या भरतीत साधारणपणे हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत असते. त्या वर्षीची अधिसूचना वाचल्याशिवाय छातीवर किंवा मानेवर काही काढू नका.

जखम भरल्यावर वर जाड व्रण उठण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती तुमच्यात असेल तर छाती, खांदे आणि पाठीचा वरचा भाग टाळा, आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलीच शैली घेऊ नका.

पायरी ७: पैशाचं गणित उलटं लावू नका

आपल्याकडे बरेच स्टुडिओ इंचाच्या हिशेबाने पैसे घेतात. त्यामुळे लोक डिझाइन लहान करत जातात: चार इंचांचं गुलाब तीन इंचांत, मग अडीच इंचांत. फाइन लाइनमध्ये ही बचत थेट टॅटूच्या आयुष्यातून वजा होते. बजेट कमी असेल तर तपशील कमी करा, माप नको. किंवा पैसे जमेपर्यंत थांबा.

खर्च मोजताना टच-अपही मोजा. पहिला टच-अप मोफत आहे का आणि किती महिन्यांत यावं लागतं, हे आधीच विचारून घ्या. दुखण्याच्या बाबतीत फाइन लाइनचं काम तुलनेने हलकं वाटतं. ओल्ड स्कूलमध्ये घट्ट काळं आणि रंग भरताना त्याच जागेवर सुई पुन्हापुन्हा फिरते, ते जास्त चरचरतं.

पायरी ८: परतीचा रस्ता बघा

निर्णय अजूनही अडला असेल तर ही गोष्ट लक्षात घ्या. बारीक रेषा पुढे कधीही जाड करता येते. जाड रेषा बारीक होत नाही. ज्यांचं मन खरोखर दोन्हींकडे ओढ घेतं त्यांना मी म्हणून सांगतो की डिझाइन ओल्ड स्कूलच्या मोकळ्या मांडणीत काढून घ्या, पण पहिल्यांदा तीन किंवा पाच सुयांच्या लाइनरने करा. जागा सोडलेली असल्याने ते टिकेल, आणि वाटलं तर दोन वर्षांनी आउटलाइन ठळक करता येईल.

लेझरचा विचार ठेवून टॅटू काढू नये, तरी माहिती असावी. काळी शाई लेझरने सर्वांत सहज निघते, पिवळी आणि हिरवी जिद्दी असते. सावळ्या त्वचेवर लेझरने पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा धोका जास्त. ॲलर्जीच्या तक्रारी सर्वाधिक लाल शाईच्या असतात. ओल्ड स्कूलमध्ये लाल भरपूर लागतो, तेव्हा त्वचा संवेदनशील असेल तर आर्टिस्टला आधीच सांगा, किंवा नुसत्या काळ्यात करून घ्या. तेही देखणं होतं.

पायरी ९: हात कुणाचा, ते तपासा

ओल्ड स्कूलच्या आर्टिस्टच्या कामात आउटलाइनची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आहे का, काळा भाग ठिगळं न पडता भरला आहे का, ते बघा. फाइन लाइनवाल्याच्या कामात लांब सरळ रेषा आणि पूर्ण वर्तुळं बघा. हात थरथरला की तिथेच दिसतं. बारीक रेषेला चूक लपवायला जागाच नसते. ‘मी सगळंच करतो’ म्हणणाऱ्यापेक्षा त्या एका शैलीत रमलेला आर्टिस्ट शोधा, वाट बघावी लागली तरी चालेल.

सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर उघडली पाहिजे, शाई नव्या छोट्या कपात ओतली पाहिजे, ग्लोव्हज बदलले पाहिजेत. जत्रेतल्या किंवा फुटपाथवरच्या मशीनपासून लांब राहा. एकच सुई अनेकांना लागली की हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचा धोका असतो. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर ते करता येत नाही, म्हणून शिबिर असेल तर आधी रक्तदान आणि मग टॅटू.

पायरी १०: स्टेन्सिल, तारीख आणि पुढचे आठवडे

दोन मापांतले, दोन शैलींतले स्टेन्सिल लावून मागा. आरशात बघा, हात खाली सोडून बघा, वाकवून बघा. चांगला आर्टिस्ट स्टेन्सिल तीनदा पुसून पुन्हा लावायला कुरकुरत नाही. अपॉइंटमेंटच्या आधी आठवडाभर आयलाइनरने त्या जागी ढोबळ आकार काढून ऑफिसला गेलात तर अजून उत्तम.

तारीख निवडताना पुढचे तीन आठवडे मोकळे हवेत: समुद्र नाही, स्विमिंग पूल नाही, कडक ऊन नाही. गोव्याच्या सहलीत पहिल्याच दिवशी टॅटू काढून दुसऱ्या दिवशी बागा बीचवर उतरणारे दर सीझनला दिसतात. खारं पाणी, वाळू आणि ऊन एकदम. काढायचाच असेल तर परतीच्या दिवशी काढा, आणि तोही आधी बघून ठेवलेल्या आर्टिस्टकडूनच. ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीच्या तोंडावर नको. घाम, ढोलाचा पट्टा आणि गुलाल ताज्या जखमेला झेपत नाहीत.

काळजी दोन्ही शैलींत तीच: सौम्य साबणाने हलक्या हाताने धुणं, टिपून कोरडं करणं, आर्टिस्टने सांगितलेलं मलम अगदी पातळ लावणं. हळद, खोबरेल, टूथपेस्ट काही नको. खपली ओढली तर ओल्ड स्कूलमध्ये एखादा फिका ठिपका पडेल, फाइन लाइनमध्ये रेषेचा तेवढा तुकडाच जाईल. लाली वाढत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत भरते, पण रेषा खरी कशी बसली ते कळायला दीड-दोन महिने जाऊ द्या. त्याआधी टच-अप करून घेऊ नका. त्यानंतर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता एक फोटो काढून आर्टिस्टला द्या. पुढे जो कुणी हील झालेलं काम बघायला मागेल, त्याला तो उपयोगी पडेल.